बोका बोलला की थांबतो

नाटकात दोन प्रवेशांच्या मध्ये अंधार होतो, तेव्हा प्रेक्षकांना वाटतं की आता काही घडत नाहीये. ते खोकून घेतात, शेजारच्याला विचारतात की तो मघाचा म्हातारा नेमका कोण होता. आम्हा रंगमंचावरच्या माणसांना ठाऊक असतं की खरं अवघड काम तेव्हाच सुरू होतं. दिवाणखान्याचं न्यायालय व्हायचं असतं. सोफा जायचा असतो, साक्षीदाराचा पिंजरा यायचा असतो. हे सगळं संगीताचा छोटासा तुकडा संपायच्या आत, काळोखात, आवाज न करता. आमच्या कंपनीत हे काम ज्याच्या जिवावर चालायचं, त्याला आम्ही बोका म्हणायचो. खरं नाव कुणी विचारलं तर कंपनीतली अर्धी माणसं एकमेकांकडे बघायची.

जमिनीवर जागोजागी अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या असायच्या. हातात खुर्ची असो, टेबल असो की फुलदाणी, पट्टी पायाखाली आली की वस्तू ठेवायची आणि वळायचं. बोलायचं नाही. एकदा एका नव्या पोरानं अंधारात नुसतं ‘अरे सरक’ म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी त्याला तिकीटखिडकीवर बसवलं. संगीत सुरू झालं की बोक्याचे पाय आपोआप निघायचे. त्या सुरांवर तो असा चालायचा की विंगेत उभी असलेली मी, पुढचं वाक्य विसरून त्याच्याकडे बघत राहायचे.

एका नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी मी सोफ्यावर मरायचे आणि अंधारात तो सोफा माझ्यासकट आत न्यावा लागायचा. नाटक सुटल्यावर चहा पिताना बोका म्हणाला, “ताई, माणूस मेल्यावर जड होतो म्हणतात. तुम्ही फारच मन लावून मरता.”

बोक्याची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. वहिनी म्हणायचे मी तिला. कानाला पट्टा लावून आयुष्यभर तिनं लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले. माणूस तिला चेहऱ्याआधी आवाजानं कळायचा. नवरा-बायकोंमध्ये हा कुणी मुका, ही कुणी बोलकी अशी वाटणी झालेली असते. यांच्यात तसं नव्हतं. दिवसभर काळोखात तोंड मिटून राबलेला बोका घरी आला की बोलत सुटायचा. वहिनी पोळ्या लाटता लाटता ऐकायची, मध्येच म्हणायची, “हळू, लाइन तापेल.”

मग कंपनी बंद पडली. आम्ही सगळे म्हातारे झालो. वहिनीचे डोळे काचबिंदूनं हळूहळू आतून विझत गेले. शेवटी उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच तिला कळायचं, आणि मग तेही कळेना.

त्यांचं घर माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर. एक लांबट बोळ, त्याच्या या टोकाला झोपायची खोली, त्या टोकाला स्वयंपाकघर, मध्ये एक उंबरा आणि कायम ओल धरणारी मोरी. मी बहुतेक रोज सकाळी जायचे. बोका वहिनीला कोपरावर धरून बोळातून न्यायचा आणि तोंड चालू असायचं. “उंबरा आला. उजवीकडे पाणी सांडलंय, ते माझंच काम. खिडकीत चिमणी बसलीय, तुझ्याकडे बघतेय, ओळख आहे वाटतं.” वहिनी हसत हसत पाऊल टाकायची. आवाज जरा थांबला की विचारायची, “अहो, आहात ना लाइनवर?”

“आहे, बोला,” बोका म्हणायचा.

तिचं चालणं त्याच्या आवाजावर होतं. डोळ्यांच्या जागी तिनं आवाज बसवला होता.

बोक्याच्या पायांचं पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते औषधाच्या दुकानाकडे जाताना. मी त्याला काहीतरी विचारलं, आणि उत्तर देताना तो भर रस्त्यात उभा राहिला. मागची सायकल त्याला वळसा घालून शिव्या देत गेली. उत्तर संपलं, तो चालायला लागला. मी पुन्हा विचारलं, पुन्हा थांबला. मला आधी हसूच आलं. आमच्यातले जुने नट असेच होते. महत्त्वाचं वाक्य आलं की पाय रोवून, छाती काढून म्हणायचं.

मी म्हटलं, “काय रे, आता या वयात नट व्हायचंय का?”

तो म्हणाला, “मी कुठे थांबलो?” त्याला कळलंच नव्हतं.

पुढे पाऊल आखूड झालं, घासायला लागलं. आणि एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात वहिनीनं विचारलं, “साखर संपली का हो?” बोका म्हणाला, “नाही, वरच्या डब्यात आहे,” आणि थांबला. वहिनीच्या हाताला ते कळेपर्यंत ती पुढे गेली होती. कपाटाचं उघडं दार तिच्या कपाळावर बसलं. टाके पडले.

त्यांची मुलगी दुसऱ्या गावी असते, शाळेत शिकवते. ती धावत आली. आईच्या कपाळाची पट्टी बघितली, मग बाबांचं चालणं बघितलं, आणि रडण्याऐवजी भांडी घासायला बसली. घासून झाल्यावर म्हणाली, “मी आईला घेऊन जाते.”

“आणि मला?” बोक्यानं विचारलं.

“बाबा, आमचं घर तुम्ही पाहिलंय. सासूबाईंच्या खोलीत आणखी एक पलंग मावतो. तो आईसाठी. तुम्हाला कुठे झोपवू, गॅलरीत?”

“गॅलरीला काय झालंय?”

“बाबा.”

ती वाईट मुलगी नव्हती. तिच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी मध्ये पडले. म्हटलं, “पोरी, सुटीपर्यंत थांब. हे चालण्याचं काहीतरी करता येतं का बघू. जमलं तर दोघं इथेच राहतील.”

तिनं ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, “ठीक आहे मावशी. सुटीत येऊन मी स्वतः बघेन. तेव्हा आई एकदा जरी धडपडली, तर मग कुणी मला अडवायचं नाही.”

म्हणजे परीक्षा ठरली. जमलं तर दोघं एका घरात, नाही जमलं तर दोन गावांत. संसार असा परीक्षेला बसवावा लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

फिजिओथेरपिस्ट बाई घरी यायला लागल्या. तरुण, हसऱ्या, पायात पांढरे बूट. त्यांनी बोक्याला बोळातून चालायला लावलं आणि म्हणाल्या, “काका, चालता चालता भाज्यांची नावं सांगा.”

“वांगं,” बोका म्हणाला आणि थांबला. मग चालू लागला. “भेंडी,” आणि थांबला. मागे वळून म्हणाला, “बसून सांगितलं तर नाही का चालणार? अख्खा बाजार सांगतो.”

बाई हसल्या, पण मला बाजूला घेऊन त्यांनी नीट समजावलं. तरुणपणी चालणं आपोआप होतं, डोकं मोकळं राहतं. वय झालं की पायसुद्धा लक्ष मागायला लागतात. लक्ष असतं तेवढंच. बोलण्याला दिलं की पायांना उरत नाही. मग कुणाचं बोलणं अडतं, कुणाचं चालणं. बाहेरून काही खूण मिळाली, डोळ्यांना रेघा किंवा कानाला ठेका, तर पुष्कळांच्या पायांना आधार होतो. “करून बघू,” त्या म्हणाल्या. “वचन देत नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोळात आडव्या पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक पट्टी ओलांडून पाऊल टाकायचं, इतकं सोपं. बोक्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तो निघाला, पहिल्या पट्टीपाशी पोचला, वाकला, आणि तांब्या पट्टीवर ठेवून वळला.

बाई म्हणाल्या, “काका, ठेवायचा नाही, ओलांडायचं.”

“हो, हो,” तो म्हणाला, आणि पुढच्या पट्टीवर पुन्हा तेच.

मग त्यांनी वहिनीचा हात त्याच्या कोपरावर दिला. बोका तिला घेऊन चालला. पट्टी आली. त्यानं तिचा हात अलगद सोडवला, तिला पट्टीवर नीट उभं केलं, खांद्याला धरून किंचित सरळ केलं, आणि रिकाम्या हातांनी परत आला.

बोळाच्या मध्यावर उभ्या राहिलेल्या वहिनीनं विचारलं, “अहो, मला कुठे ठेवलंत?”

मी हसायला लागले आणि हसू आवरेना. वहिनीही हसली. मी बाईंना सांगितलं की चाळीस वर्षं या माणसाला पट्टी दिसली की हातातलं ठेवायचं एवढंच ठाऊक आहे, आणि आता तुम्ही त्याच्या हातात बायको दिलीत. बाईही हसल्या. बोका मात्र हसला नाही. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता.

पट्ट्या निघाल्या. मग आली एक काडेपेटीएवढी डबी. कमरेच्या पट्ट्याला अडकवायची, बटण दाबलं की टिक, टिक, टिक.

आणि माझ्या डोळ्यांदेखत बोक्याचे पाय सुटले. घासणं गेलं, पाऊल लांब पडलं. कुणीतरी विंगेतून संगीत सुरू करावं तसा तो बोळाच्या या टोकापासून त्या टोकाला गेला आणि वळून आला. वहिनी पलंगावर बसून कान देत होती. म्हणाली, “ताई, ही त्यांची जुनी चाल आहे. मला ऐकू येतेय.”

फक्त त्या डबीबरोबर तो बोलत नव्हता. विचारलं तर ओठ हलायचे, शब्द यायचे नाहीत. पाय मात्र थांबायचे नाहीत. बाई म्हणाल्या, “ठेका पायांना मदत करतो, बोलण्याला करेलच असं नाही. थोडं थोडं बोलायला लावा. साधे, ठरलेले शब्द.”

ठरलेले शब्द म्हटल्यावर मला कल्पना सुचली. पाठ झालेलं वाक्य तोंडातून आपोआप जातं. तापात फणफणत असतानाही मी अख्खे अंक म्हटलेत. मी बोक्याच्या तालमी घ्यायला लागले. बोळातली वाक्यं मी बांधून दिली. “उंबरा आला.” “जपून, ओलं आहे.” “डावीकडे टेबल.” “पोचलो.” आधी बसून, मग उभ्यानं, मग डबीवर चालत. आयुष्यभर पडद्यामागे राहिलेल्या माणसाला या वयात पाठांतर करताना बघणं मजेचं होतं. तो शाळकरी पोरासारखा पुटपुटायचा आणि चुकला की माझ्याकडे चोरून बघायचा.

वहिनी म्हणायची, “अहो, जरा भाव आणा. ‘ओलं आहे’ असं म्हणताय की कुणाला फाशी सुनावताय?”

हळूहळू जमलं. ठेक्यावर पाय, पायांवर वाक्यं, कुठेही अडखळणं नाही.

सुटी लागली, मुलगी आली. दारातच उभी राहून म्हणाली, “दाखवा.”

बोक्यानं स्वच्छ सदरा घातला होता. डबी सुरू केली. वहिनीनं कोपर धरलं. “उंबरा आला,” तो म्हणाला, आणि उंबरा ओलांडला गेला. “जपून, ओलं आहे.” दोघं मोरीवरून गेली. बाहेर रस्त्यावर कसला तरी आरडाओरडा झाला. वहिनीनं विचारलं, “अहो, कोण भांडतंय?”

“डावीकडे टेबल,” बोका म्हणाला.

“पोरांचा आवाज वाटला.”

“पोचलो,” बोका म्हणाला.

मुलीनं पदरानं डोळे पुसले आणि बाबांना मिठी मारली. म्हणाली, “राहा बाबा. दोघं राहा.” बोका इतका दमला होता की त्याला खुर्चीत बसवावं लागलं. पण पहिल्या प्रयोगाला टाळ्या पडल्यावर आमचा उजळायचा तसा त्याचा चेहरा उजळला होता. मी वहिनीकडे पाहिलं. ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तिला काहीतरी कळलं होतं आणि ती ते सांगत नव्हती.

मुलगी परत गेली. आणि मग त्या घरात मी जे पाहिलं ते लिहायला हात जड होतो.

बोक्याला भीती बसली. एकदा जरी वहिनी धडपडली तर तिला नेतील, हे त्याच्या डोक्यातून जाईना. डबी तो सकाळी लावायचा ती झोपतानाच काढायचा. बसला असला तरी टिकटिक चालू, आणि पायांनी जमिनीवर ठेका धरलेला. मी म्हणायचे, “अरे, आता बसलायस ना, बंद कर.” तो बोट ओठांवर ठेवायचा. वहिनी काही विचारू लागली की त्याचे खांदे आखडायचे. घरात चार वाक्यं उरली. उंबरा, ओलं, टेबल, पोचलो. चिमणी गेली, सांडलेलं पाणी गेलं, थट्टा गेली.

“आहात ना लाइनवर?” वहिनी विचारायची.

“उंबरा आला,” तो म्हणायचा.

मी फिजिओथेरपिस्ट बाईंना सांगितलं. त्या आल्या, समजावून गेल्या, की डबी फक्त सरावाला लावा, बसल्यावर मनसोक्त बोला. बोक्यानं मान हलवली. त्या गेल्या की पुन्हा तेच. जे हातात आलं होतं ते तो सोडायला तयार नव्हता, आणि त्याला दोष कसा द्यावा?

एके दिवशी मी गेले तर वहिनीच्या उजव्या हाताला पांढरं फडकं गुंडाळलेलं. बोका आतल्या खोलीत पलंगावर बसला होता, भिंतीकडे तोंड करून.

“दूध उतू जात होतं,” वहिनी म्हणाली. “वासावरून कळलं. पातेलं धरायला गेले आणि बोटं भाजली. गॅसचं बटण सापडेना. मी त्यांना हाक मारली.”

“मग?”

“मग ते येत होते. बोळातून टिकटिक येत होती. मी ओरडतेय, अहो लवकर या, अहो बोला काहीतरी, आणि टिकटिक आपली तशीच. ना भरभर, ना हळू. मला कळेना, माणूस येतोय की नुसती डबी येतेय.” तिनं फडकं चाचपलं. “शेवटी माझ्या शेजारी येऊन त्यांनी गॅस बंद केला आणि म्हणाले, पोचलो.”

तिनं माझा हात शोधला.

“ताई, भाजलं त्याचं काही नाही. पण मला आधीच दिसत नाही. त्यात घर मुकं झालं तर मी कुठे आहे हेच मला कळत नाही. आणि ते बिचारे माझ्यासाठीच मुके झालेत. मला पाडायचं नाही म्हणून. अशानं ते एक दिवस माझ्या नावानंच दचकायला लागतील.” जरा थांबून म्हणाली, “मी पोरीला फोन केला. न्यायला ये म्हटलं.”

आतून बोका आला. डबी चालू होती. त्यानं सगळं ऐकलं होतं. आमच्यासमोर उभा राहून त्यानं ती बंद केली, आणि मग त्याला बोलता आलं.

“मी पास झालो होतो,” तो म्हणाला. “पोरीनं स्वतः सांगितलं होतं, राहा म्हणून. अगं, मी पास झालो होतो.”

“हो,” वहिनी म्हणाली. “तुम्ही झालात.”

“अजून सराव करतो. आणखी वाक्यं पाठ करतो. ताई, तुम्ही लिहून द्या, शंभर लिहून द्या. ती जे विचारेल ते.”

‘मला काय विचारावंसं वाटेल ते आधी कसं लिहून देणार,’ असं वहिनी म्हणाली नाही. ती नुसती त्याच्या आवाजाच्या दिशेनं चेहरा करून बसून राहिली.

न्यायला मुलगी भाड्याची गाडी घेऊन आली. सामान थोडंच होतं. निघताना बोक्यानं सवयीनं डबी पट्ट्याला लावली आणि कोपर पुढे केलं. वहिनीनं कोपर धरलं, दुसऱ्या हातानं चाचपत डबी शोधली आणि काढून माझ्या हातात दिली.

“आता बोला,” ती म्हणाली.

दोघं दारात उभी राहिली. आणि बोका बोलला. इतक्या आठवड्यांचं साठलेलं, धबधब्यासारखं. गाडी निळी आहे म्हणाला, ड्रायव्हर पेंगतोय म्हणाला. समोरच्यांनी गच्चीवर नवी पाण्याची टाकी बसवली, ती वाकडी बसलीय, एक दिवस कुणाच्या तरी डोक्यात पडणार. मग आवाज खाली आणून म्हणाला, “आपल्या पोरीचे केस पांढरे व्हायला लागलेत.”

“कधीपासून?” वहिनीनं विचारलं.

“बरेच दिवस. सांगायचं राहून गेलं.”

वहिनीनं मुलीला जवळ बोलावलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला, जणू तो पांढरेपणा हाताला लागणार होता. मुलगी मान खाली घालून उभी राहिली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

“चला,” वहिनी म्हणाली. बोक्यानं तोंड मिटलं आणि एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. वहिनीनं विचारलं, “रात्री दुधाचं काय कराल?” “ताई आणतील,” तो म्हणाला, आणि थांबला. पुन्हा निघाला. पुन्हा तिनं काहीतरी विचारलं, पुन्हा त्यानं उत्तर दिलं, पुन्हा थांबला. गप्प राहायला तिला सांगायचं कुणी? त्यालाही आता गप्प राहायचं नव्हतं. फाटकापर्यंतचा तो रस्ता संपेना. शेवटी मुलीनं आईचा दुसरा हात धरला, हळूच, आणि वहिनीची बोटं बोक्याच्या कोपरावरून सुटली.

तो होता तिथेच उभा राहिला. उभ्या उभ्या तो नीट बोलू शकत होता. “एकच पायरी आहे,” त्यानं मागून सांगितलं. “आता दार. डोकं वाकव. तुझी शाल बाहेर राहिली बघ, शाल आत घे.” वहिनी त्याच्या सांगण्याबरहुकूम वाकली, बसली, शाल आत ओढली. दार लागलं. काच वर चढवलेली होती.

गाडी निघाली. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. कोपऱ्यावर गाडी वळून दिसेनाशी झाली तेव्हा तो सांगत होता, “पुढे खड्डा आहे, खोल आहे, ड्रायव्हरला म्हणावं डाव्या बाजूनं घे.”